वजाबाकीची थाळी

एका बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात मी सतरा वर्षे नोकरी करते आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस परगावी जातात, आणि त्यामुळे तालुक्याच्या गावांतली लॉज, एसटी स्थानकासमोरची उपाहारगृहे आणि दुपारी अडीचनंतर ‘जेवण संपले’ असे सांगणाऱ्या खानावळी यांच्याशी माझा परिचय काही नातेवाइकांपेक्षा अधिक दाट झालेला आहे. मी मासे, मटण, अंडी खात नाही. हे टेबलाशी बसल्याबसल्या सांगावे लागते, आणि ते सांगताच वाढप्याच्या चेहऱ्यावर जो एक बारीकसा पडेलपणा येतो, तो मी सिंदखेडराजापासून सावंतवाडीपर्यंत पाहिलेला आहे.

पुढचे वाचण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझे माहेर वेंगुर्ल्याकडचे आहे आणि आमच्या घरात सोमवार-गुरुवार सोडले तर रोज मासे शिजत. अकराव्या वर्षी मला कावीळ झाली, पथ्य लांबले, आणि पथ्य संपल्यावर माशाची चव तोंडाला परत आली नाही ती आजतागायत आलेली नाही. यात व्रत नाही, तत्त्व नाही आणि कोणाविषयी नाक मुरडणे तर अजिबातच नाही. ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी दिसली की मला आजही थोडे अवघडल्यासारखे होते, कारण त्या ‘शुद्ध’ शब्दाच्या पलीकडच्या बाजूला माझी आजी, आई आणि तीन मामा उभे असतात. तेव्हा माझी तक्रार शेजारच्या टेबलावरच्या सुरमईबद्दल नाही. माझ्या ताटात जे येते त्याच्याबद्दल आहे.

त्याच माहेरी, सोमवार-गुरुवारी, जे जेवण होई त्याला आजी ‘शिवराक’ म्हणे. कोकणात आणि गोव्यात हा शब्द अजून चालतो. शिवराक म्हणजे काळ्या वाटाण्याचे सांबारे, त्यात भाजलेल्या खोबऱ्याचे वाटप आणि घरचा मालवणी मसाला, चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ, कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची, भाजी, अळूचे फदफदे, सुरणाची आणि नीरफणसाची कापे, पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू, आणि कशालाच सवड नसेल त्या दिवशी कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला पापड. आठवड्यातून दोनच दिवस मासे नसल्यामुळे की काय, त्या दोन दिवसांचा स्वयंपाक आजी जिद्दीने करीत असे. मासे खाणाऱ्यांच्या त्या घरात मी जितके उत्तम शाकाहारी जेवले तितके बाहेर कुठल्याही पाटीखाली जेवलेले नाही.

बाहेर मिळते ते काय? पनीर. पनीर टिक्का मसाला, पनीर बटर मसाला, पनीर कढाई, पनीर हंडी, आणि मेनूकार्ड लांबवायचे असेल तर पनीर अंगारा. त्याखाली ‘व्हेज’ हा शब्द पुढे लावून दहा-बारा नावे असतात, ज्यांत व्हेज कोल्हापुरी हमखास असते. मी कोल्हापुरात अनेकदा राहिले आहे. या नावाची भाजी तिथल्या कोणाच्या घरात मी पाहिलेली नाही. ती भाजी मुळात कशी तयार होते हे मला एकदा कामाच्या ओघातच कळले. कर्ज दिलेल्या व्यवसायाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आमचा नियम असतो, आणि तसे एका महामार्गावरच्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात मला जावे लागले. भटारखान्याच्या कडेला तीन मोठी पातेली होती. पहिल्यात कांदा, टोमॅटो आणि काश्मिरी मिरचीची लाल ग्रेव्ही. दुसऱ्यात काजूतुकडा, मगज आणि उकडलेल्या कांद्याची पांढरी. तिसऱ्यात तळलेल्या कांद्याची पिवळी. फ्रिजमध्ये अर्धवट उकडलेली फरसबी, गाजर आणि फ्लॉवर एकत्र करून ठेवलेले होते, आणि शेजारी गोठवलेल्या मटारची पिशवी. लाल ग्रेव्हीत त्या भाज्या घालून वर दोन सुक्या मिरच्या ठेवल्या की व्हेज कोल्हापुरी. लाल आणि पांढरी निम्मी निम्मी करून लोणी सोडले की व्हेज मखनवाला. नुसती पांढरी आणि डब्यातल्या अननसाचे तुकडे म्हणजे नवरत्न कुर्मा. आचारी मोकळ्या मनाचा होता. भाजी एकच असते, नावे अठरा, असे त्याने हसत सांगितले. मी अहवालात ‘साठा समाधानकारक’ असे लिहिले.

या पद्धतीत व्यवहाराच्या दृष्टीने चूक काहीच नाही, हे मी हिशेब तपासणारी बाई म्हणून मान्य करते. ग्रेव्ही सकाळी करून ठेवली की रात्री अकरापर्यंत चालते, गिऱ्हाइकाला दहा मिनिटांत ताट मिळते आणि वाया काही जात नाही. माझे दुःख वेगळे आहे. तीच तीन पातेली मला लातुरात भेटतात, चिपळुणात भेटतात आणि वेंगुर्ल्यातही भेटतात. वेंगुर्ले हे काजूचे गाव. तिथल्या फळसंशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या काजूच्या जाती शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. त्या गावात, एप्रिल महिन्यात, बाजारात बायका ओले काजूगर वाट्यांनी विकत बसलेल्या असताना, मी एका उपाहारगृहात ‘काजू करी’ मागवली आणि समोर आली ती कोरड्या काजूंची, साय घातलेली, दुधपाकाच्या जवळ जाईल इतकी गोड भाजी. मी ती अर्धी टाकली आणि लॉजवर जाऊन बिस्किटे खाल्ली.

सगळीकडे असेच असते असे मात्र नाही, आणि या प्रश्नाची खरी गंमत तिथेच आहे. धुळे-जळगावकडे तपासणी लागली की माझा चेहरा उजळतो, हे कार्यालयात सर्वांना ठाऊक आहे. खान्देशातल्या ढाब्यावर शेवभाजी मागताना कोणी तुमच्याकडे कीव केल्यासारखे पाहत नाही. काळ्या मसाल्याचा तवंग आलेला रस्सा, आयत्या वेळी त्यात सोडलेली जाड तिखट शेव, ती मऊ पडण्याआधी भाकरी कुस्करण्याची घाई, हे सारे तिथे मटण खाणाराही त्याच आवडीने करतो. हिवाळ्यात जळगावात भरिताची दुकाने लागतात. हिरवी, पांढुरक्या रेघांची मोठी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजून, कुटून, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून केलेले भरीत तिथे किलोवर विकले जाते. त्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. इस्लामपूरच्या बाजूला अख्खा मसूर मिळतो, आणि तो खायला लोक वाट वाकडी करून जातात. नागपूरच्या सावजी भोजनालयांची कीर्ती त्यांच्या जहाल मटणासाठी असली, तरी तिथला पाटवडी रस्सा मी नाकातोंडातून पाणी गाळत संपवला आहे, आणि तो वाढणाऱ्याने ‘अजून रस्सा घ्या’ असे दटावून सांगितले आहे. सामिष जेवणाच्या बालेकिल्ल्यात बसूनही आपण उपरे आहोत असे मला तिथे क्षणभर वाटले नाही.

याचे कारण मला असे दिसते की शेवभाजी, भरीत, अख्खा मसूर, पाटवडी हे पदार्थ तिथल्या माणसाला स्वतःलाच बाहेर जाऊन खावेसे वाटतात. ते शाकाहारी गिऱ्हाइकाची सोय म्हणून कार्डावर आलेले नाहीत. कोकण किनाऱ्यावर मात्र उपाहारगृहात यायचे ते माशांसाठी, हे स्थानिकांनी आणि पर्यटकांनी मिळून ठरवून टाकलेले आहे, आणि मग मासे न खाणारा म्हणजे कोणाच्या तरी सोबत आलेला, ज्याची कशीबशी बोळवण करायची असा माणूस ठरतो.

ही बोळवण म्हणजे वजाबाकी. माशांच्या थाळीत तळलेली सुरमई किंवा बांगडा, तिसऱ्यांचे सुके, माशाची आमटी, भाकरी किंवा वडे, भात आणि सोलकढी असते. शाकाहारी थाळी मागितली की यातले पहिले तीन पदार्थ निघून जातात आणि त्या जागी पनीरची लाल भाजी, पिवळी डाळ आणि, का कोण जाणे, गुलाबजाम येतो. तांदळाच्या भाकरीचीही पुष्कळदा मैद्याची रोटी होते. मी एकदा भाकरीच द्या म्हणून आग्रह धरला, तेव्हा ‘भाकरी फिश थाळीला असते’ असे उत्तर मिळाले. तांदळाच्या भाकरीत मासा कोठे असतो, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

अनवधानाने मासा पोटात जाण्याची भीती ही आणखी निराळी. कोकणात सुकी मासळी हा मसाल्यासारखाच वापरायचा जिन्नस आहे. वांग्यात सुकट, वालात सोडे, दुधीत कोळंबी हे घरोघरी चालते आणि त्याला कोणी फारसा सामिष स्वयंपाक समजत नाही. अलिबागकडच्या एका खानावळीत वालाचे बिरडे आहे असे ऐकून मी हरखून गेले होते. दुसऱ्याच घासाला दाताखाली काहीतरी चिवट आले. वाटीत चमचा फिरवला तर सोललेल्या वालांमध्ये तितकेच वळलेले, जवळपास त्याच रंगाचे तीन-चार सोडे होते. वाढणारा मुलगा प्रामाणिकपणे गोंधळला. ‘वाल शाकाहारीच आहेत ताई, सोडे बाजूला काढून ठेवा की,’ तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. त्याच्या घरी, बहुधा, असेच होत असणार. दुसऱ्या एका ठिकाणी सुरणाची कापे मिळाली, खरपूस, रव्यात घोळवलेली, आणि ज्या तव्यावर ती भाजली त्याच तव्यावर आधी काय भाजले होते हे पहिल्या वासालाच कळले. माझ्यासारखीला याने धर्मसंकट येत नाही, फक्त जेवण जात नाही. पण ज्यांच्यासाठी ही बाब श्रद्धेची आहे त्यांचे काय होत असेल?

सहकाऱ्यांबरोबरच्या जेवणाविषयी फार लिहीत नाही. ‘तुझ्यासाठी काहीतरी मिळेलच’ हे वाक्य, आणि नंतर बिलाची समान वाटणी, ज्यात माझ्या डाळ-भातावर इतरांच्या कोळंबीचा भार पडतो आणि मी तोंड उघडले तर चिकट ठरते, हे प्रत्येक शाकाहाऱ्याने भोगलेले आहे. हिशेब तपासण्यात आयुष्य गेले तरी तो एक हिशेब मी कधी मागितलेला नाही.

गोव्यात सकाळ माझी असते. पणजी, म्हापसा, मडगाव, कुठेही बाजाराजवळच्या लहानशा कॅफेत पातळ भाजी, सुकी भाजी, उंडो किंवा काटरे पाव, एखादे मिरचीचे भजे आणि काचेच्या पेल्यात चहा, हा नाश्ता पोटभर, स्वस्त आणि कोणतीही चौकशी न करता शाकाहारी असतो; अळसांद्यांची भाजी असली तर आणखी काय हवे. पण अकराच्या सुमारास पातेली घासायला जातात आणि दुपारी पुन्हा तेच कार्ड समोर येते. खतखते हा गोव्याच्या शिवराक जेवणाचा मानाचा पदार्थ आहे. अनेक भाज्या, ओले खोबरे आणि त्यात तिरफळांचा तो जीभ झिणझिणवणारा वास. तो मी लग्नांत आणि देवळांतल्या उत्सवांत जेवले आहे. उपाहारगृहाच्या कार्डावर मला तो अजून भेटलेला नाही. गुहागर, दापोली, गणपतीपुळे या बाजूच्या घरगुती खानावळींत परिस्थिती बरीच बरी आहे, मात्र तिथे सकाळीच किती ताटे ते सांगावे लागते. तपासणीच्या कामात दुपारी किती वाजता सुटका होईल हे मलाच माहीत नसते, म्हणून ते सुख बहुतेक वेळा हुकते.

सकाळी का सांगावे लागते, हे मला बरीच वर्षे कळले नव्हते. ते मालवणात कळले, आणि तेही एका सोमवारी.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एका बाईंची खानावळ आहे. पुढच्या पडवीत सहा टेबले, मागे घर. त्या दिवशी दुपारी तीन वाजत आले होते. मी शाकाहारी थाळी सांगितली आणि ठरल्याप्रमाणे लाल पनीर आले. पहिला घास घेते आहे तोच मागच्या बाजूने वास आला. भाजलेले खोबरे, मसाला आणि काळा वाटाणा. हा वास मी झोपेतही ओळखीन. मी उठून गल्ल्यापाशी गेले आणि काकींना विचारले, आत सांबारे शिजते आहे का? त्या जरा ओशाळल्या. आज सोमवार, घरात कोणी मासे खात नाही, म्हणून घरच्यांपुरते केले आहे, असे म्हणाल्या. मी मालवणीत बोलू लागल्यावर त्यांनी माझे पनीरचे ताट स्वतःच उचलले आणि मला आत नेले.

स्वयंपाकघराच्या ओट्याशी पाटावर बसून मी वाटाण्याचे सांबारे, कुयरीची भाजी, उकड्या तांदळाचा भात आणि खोबरे न घातलेली कोकमाची तिवळ असे जेवले. जेवणाविषयी लिहीत नाही. लिहिले तर हा मजकूर संपणार नाही. हात धुताना मात्र मी त्यांना विचारले की हे कार्डावर का नाही. पुढे पनीर आणि मागे हे, असे का?

‘ह्या घरचा. ह्येचे पैसे कोण देतलो?’ त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितले त्याला एका हिशेबनिसाच्या दृष्टीने खोट काढण्यासारखी नव्हती. वाटाणा आदल्या दिवशी भिजत घालावा लागतो. कुयरी चिरायची तर हाताला, विळीला तेल लावून बसावे लागते, चीक निघतो, तास जातो. ओल्या नारळाचे वाटप दुपारी केले तर रात्री धड राहत नाही, आणि शाकाहारी गिऱ्हाईक आज सहा येईल की एकही येणार नाही, हे देवालाच ठाऊक. सुरमईचा तुकडा मीठमसाला लावून तयार असतो, माणूस आला की तव्यावर टाकायचा, आणि त्याचे पैसे माणूस हसत देतो. पनीर फ्रिजमध्ये पडून राहते, ग्रेव्ही पडून राहते. आणि समजा सांबाऱ्याची थाळी कार्डावर घातली आणि तिला पनीरच्या थाळीइतके पैसे लावले, तर लोक म्हणणार, वाटाण्याचे एवढे? काकींनी एकदा पिठी-भात ऐंशी रुपयांना लावून पाहिला होता. पुण्याच्या एका कुटुंबाने तो मागवला, खाल्ला, आवडला म्हणाले, आणि बिल देताना ‘पिठीचे ऐंशी?’ असे विचारून हसले. तेव्हापासून पिठी मागच्या घरात गेली.

मी गप्प राहिले, कारण त्या कुटुंबाच्या जागी मी स्वतःला सहज पाहू शकत होते. डोंबिवलीत आमच्या घराजवळच्या पोळी-भाजी केंद्रात मटकीच्या उसळीचा भाव दहा रुपयांनी वाढला तेव्हा मी काय बोलले होते ते मला आठवले. त्याच आठवड्यात मी मुलाच्या वाढदिवसाला पनीर टिक्क्याचे साडेतीनशे रुपये निमूटपणे दिले होते. घरात जे शिजते त्याला किंमत नाही, आणि घरात जे कधी शिजत नाही तेच बाहेर मागवायचे, ही सवय माझीही आहे. आजीने आयुष्यभर खोबरे वाटले, त्याचे मोल कोणी केले नव्हते. काकींच्या वाटपाचे मी करीन, असे मी म्हणू तरी कशी?

मी पूर्ण थाळीचे पैसे पुढे केले. त्यांनी फक्त भाताचे घेतले, कारण बाकीचे कार्डावर नव्हते.

गेल्या वर्षी पुन्हा मालवणची शाखा वाट्याला आली. पहिल्याच दुपारी मी त्या गल्लीत गेले. कार्ड नवे झाले होते, प्लास्टिकचे, चकचकीत, आणि शाकाहारी पानावर दोन नावे वाढलेली होती. मी बोट ठेवून वाचले. एक पनीर मालवणी होते आणि दुसरे पनीर कोकणी. काकींनी मला ओळखले, पाणी आणून ठेवले, मुलगा केवढा झाला ते विचारले. मी कार्ड मिटवून हळूच विचारले, आत काय केले आहे?

‘आज बुधवार गो,’ त्या म्हणाल्या, आणि मी पनीर मालवणी मागवले.